वळणाचा मान आणि पाखरीचा दम

ती घटना आठवली की आजही माझी मान थोडी ताठ होते, आणि घरात ते लगेच ओळखलं जातं. "आली, पाखरी आली," असं म्हणत बायको भाजीची पाटी पुढं ओढते. मुलं मोबाईल उचलतात. पाखरी म्हणजे एक घोडी. माझ्या पोलीस खात्यातल्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घरच्यांच्या मते मी सांगतो ती एकच गोष्ट. तर ती एकदाची लिहूनच टाकतो, म्हणजे निदान जेवताना कुणाला ऐकावी लागणार नाही.

आधी माझ्या नादाबद्दल सांगायला हवं. मला शर्यतीच्या घोड्यांचा नाद होता, अजून आहे. गैरसमज नको. मी घोड्यावर कधी काही लावलं नाही. पुण्या-मुंबईच्या शर्यती रविवारी मोबाईलवर बघायच्या आणि कोणता घोडा कुठं दमेल याचा हिशेब मांडायचा, एवढंच. हिशेब तसा सरळ आहे. घोड्याच्या अंगात दम ठरलेला असतो. तो किती, यापेक्षा तो कुठं खर्च झाला, याला महत्त्व. मोटारसायकल बेताच्या वेगानं चालवली तर तेवढ्याच पेट्रोलात कुर्डुवाडीला जाऊन परत येता येतं. पिळून चालवली तर परतीच्या वाटेवर ढकलत यावं लागतं. घोड्याचंही तेच. वेग थोडा वाढवला की दम थोडा नाही, लई जातो. म्हणून शर्यतीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला वेग काढायचा आणि कुणी उधळपट्टी केली, कुणी काटकसर केली ते बघायचं.

माझे अंदाज बहुतेक चुकायचे. बायको म्हणायची, "तुम्ही ज्याला जिंकवता तो घोडा त्या दिवशी मुद्दाम चालत येतो." ते जाऊ द्या.

तेव्हा मी परंडा भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्दीतल्या एका गावाच्या जत्रेत घोड्यांची शर्यत असायची. परवानगी, बंदोबस्त, पशुवैद्यकीय अधिकारी, सगळं रीतसर. देवळापासून निघायचं, सडकेनं माळावरच्या एका निशाणापर्यंत जायचं, तिथं वळायचं आणि उसामागच्या पाणंदीनं परत देवळाशी यायचं. या शर्यतीला एक जुना रिवाज होता. निशाणाशी हलगीवाले उभे असायचे. जो घोडा सगळ्यांत आधी वळेल त्याच्यासमोर हलगी कडाडायची आणि मालकावर गुलाल पडायचा. याला 'वळणाचा मान' म्हणत. देवळाशी पहिला येणाऱ्याला चांदीचं कडं आणि ढाल मिळे, पण गावाला विचाराल तर कडं घरात राहतं, मान गावभर फिरतो. हा मान फक्त गावच्या घोड्यांना. बाहेरचा घोडा आधी वळला तरी हलगी गप्प.

त्या वर्षी कडं गेलं एका धनगरिणीच्या घोडीला. सीनेकाठानं मेंढ्या घेऊन फिरणारी बाई, चाळिशीची, आवाज असा की बिनतारी संदेश यंत्रणेची गरज नाही. शर्यतीत तिची पाखरी निशाणाशी जवळजवळ शेवटची होती. सगळे हसत होते. मग घोडे उसामागं दिसेनासे झाले आणि पुन्हा बाहेर आले तेव्हा पाखरी पुढं! गावच्या मालकांचा सुलतान मागं कुठंतरी धापा टाकत होता. 'मालक' हे गावानं दिलेलं नाव. मोठे बागायतदार, मिशा भरघोस, आणि त्या दिवशी वळणाचा गुलाल त्या मिशांवर तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. हा चहाच्या टपरीवरून सगळी दुनिया चालवायचा.

"साहेब, घोडी बदलली."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तिच्याकडं दोन घोड्या हाईत. एक दुसरीची झेरॉक्स. उसामागं दुसरी बांधली हुती, म्या डोळ्यानं बगितली."

"बदलताना बघितली?"

"बांधलेली बगितली. बदलायची म्हणूनच बांधती न्हवं कोनी?"

पोलीस खात्यात राहून एक शिकलो होतो. खबर देणाऱ्यानं काय पाहिलं आणि मनानं काय जोडलं, हे दोन वेगळ्या टोपल्यांत ठेवावं. पण तासाभरात मालक स्वतः अर्ज घेऊन आले. फसवणुकीची फिर्याद. सोबत पुरावा म्हणून एक चित्रीकरण. त्यांच्या माणसानं देवळाच्या गच्चीवरून सुलतानची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता टिपली होती आणि बाकीचे घोडेही त्यात आले होते, घरी शोकेसमध्ये लावायला फोटो काढता येतील म्हणून.

"ह्यात समदं हाय, साहेब. जाताना मेलेली घोडी येताना इमानावानी कशी उडाली?"

ठाण्यातल्या सगळ्यांनी चित्रीकरण पाहिलं. सगळ्यांचं मत एकच पडलं, माझंसुद्धा. उसाआधी पाखरी मागं, उसानंतर पुढं, मध्ये ऊस. यात शोधायचं काय? आमचे जुने हवालदार तर म्हणाले, "मुद्देमाल कुठं बांधायचा साहेब? जप्त वाहनांच्या रांगेत मोटारसायकली हाईत. लाथ घातली तर त्यांचा वेगळा पंचनामा."

बाईला बोलावलं. ती आली ती दोन्ही घोड्या घेऊनच. ठाण्याच्या आवारातल्या लिंबाखाली त्या बांधल्या. खबऱ्या खोटं बोलला नव्हता. मायलेकी होत्या त्या. रंग, कपाळावरचा पट्टा, चारी खूर, सगळं सारखं. खूण म्हणून काही नाही. बरं, शर्यतीच्या सकाळी बाईनं दोघींचीही पूजा केलेली, त्यामुळं कुंकूही दोघींच्या कपाळाला. नशीब असं की निर्दोष माणसाच्या विरुद्ध एवढा पुरावा मी कधी पाहिला नव्हता. अर्थात, निर्दोष आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

"दोन सारख्या घोड्या कशाला?" मी कडक आवाजात विचारलं.

"एकीवर संसार, एकीवर कोकरं. सारख्या हाईत कारन एक दुसरीच्या पोटची हाय. तुमची पोरं शेजाऱ्यावानी दिसत्यात का?"

हवालदार खोकला आल्यासारखं करून बाहेर गेले.

"मग लेक उसामागं का बांधली?"

"मग काय देवळात बांधू? हलगीनं बुजती ती. आमचा मुक्कामाचा वाडाच तितं उतरला हुता. मेंढ्या बी तितंच, चूल बी तितंच. चूल बी बदलली म्हना."

"बाई, सरळ बोला. गुन्हा दाखल झाला तर घोडी जप्त होईल. निकाल लागेपर्यंत मिळायची नाही."

तिनं घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घोडी नेली तर पाठीवर वझं घेऊन चालंन, साहेब. त्याची फिकीर न्हाय. पर आमी मेंढ्या कुनाच्या तरी रानात बसवतो. खत त्यास्नी, दानापानी आमास्नी. धनगरीण बेमान हाय असं एकदा ह्या पट्ट्यात झालं, की कोन रानात पाय ठिवू देईल? माज्या सासूपासून ह्या वाटंवर आमचं नाव हाय. त्येवडं नका जप्त करू."

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. प्रकरण घोडीचं नव्हतं. त्या बाईच्या पुढच्या सगळ्या वर्षांचं होतं.

मग तिच्या दिराचा जबाब घेतला. तो स्वार. वहिनीनं घरातलं सगळं बोलणं संपवून टाकल्यामुळं असेल, याच्या तोंडून शब्द काढायला कष्ट पडले.

"जाताना घोडी मागं का ठेवली?"

"म्या न्हाय ठिवली."

"मग?"

"ती तशीच पळती."

"बाकीचे घोडे पुढं जात होते ना? तुला पुढं जावंसं वाटलं नाही?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसा मीच बाहेरगावचा. "कशापायी? हलगी आमच्यासाटी वाजत न्हाय."

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी ते वाक्य सवयीनं लिहून टाकलं. मी मात्र खुर्चीतच सरळ झालो. हलगी आमच्यासाठी वाजत नाही! म्हणजे निशाणापर्यंत पळायचं याला कारणच नव्हतं. बाकीच्यांना होतं. त्या सगळ्यांनी दम कुठं खर्च केला असेल?

मी ठाण्यातला फळा पुसायला लावला. बंदोबस्ताचं वाटप लिहायचा फळा होता तो. ठाणे अंमलदाराचा चेहरा पडला. सडकेच्या कडेनं आणि पाणंदीच्या कडेनं विजेचे खांब होते, जवळपास सारख्या अंतरावर. चित्रीकरण सलग होतं, म्हणजे घड्याळ एकच. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कुणाला किती वेळ लागला, हे मी पुन्हा पुन्हा थांबवून काढत गेलो आणि फळ्यावर वेगाच्या दोन रेघा ओढल्या, एक सुलतानची, एक पाखरीची. शिपाई दारातून डोकावून जात होते. मागाहून कळलं, साहेब कुंडली मांडतायत अशी ठाण्यात अफवा होती.

रेघा पूर्ण झाल्या तेव्हा मी स्वतःच चाट पडलो. सुलतानची रेघ सुरुवातीला आभाळात आणि निशाण ओलांडल्यावर विहिरीत. पाखरीची रेघ जवळपास सपाट, शेवटी जरा खाली कललेली. आपण सगळ्यांनी 'विमान' पाहिलं होतं, पण पाखरी येताना जोरात आलीच नव्हती! जाताना होती त्याहून किंचित सावकाशच आली होती. बाकीचे इतके मंदावले होते, की तिची नेहमीची चालच आपल्याला झेप वाटली. उभ्या एसटीतून शेजारची एसटी मागं जाताना दिसली, की आपलीच निघाली असं वाटतं ना, तसं.

आता ताजी घोडी घेतली असती तर ती ताज्यासारखी पळाली असती. ही तर दमलेल्या घोडीसारखी, पण बेतानं दमलेल्या घोडीसारखी आली. आणि त्याहून पक्की गोष्ट उसाची. उसामागं ती जितका वेळ दिसत नव्हती, तेवढा वेळ त्याच चालीनं तेवढी वाट कापायला लागतोच. उतरायला, दुसरीवर चढायला, तिला पळत्या वेगाला आणायला त्या वेळात जागाच नव्हती. चोरी करायला वेळ लागतो, आणि हिशेबात तो वेळ शिल्लक नव्हता.

मी हवालदारांना फळ्यासमोर उभं करून सगळं समजावलं.

"पटलं का?"

"मला पटलं साहेब. पर मालकास्नी तुमच्या रेघा दाखवल्या तर ते म्हनतील, साहेबाला कायतरी झालंय."

बोलणं खरं होतं. मालकांना बोलावून फळा दाखवला. त्यांनी तो बघितला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गनित आमाला न्हाय कळत. पुन्यांदा पळवा. दुसरी घोडी तुमच्या जीपला बांधा. मंग बगू."

बाई तयारच होती. "आत्ता पळवते. तुमी सुलतानला उठवून आना."

कायद्याच्या पुस्तकात याला कलम नाही, हे मला माहीत आहे. पण अर्जाची चौकशी चालू होती, दोन्ही पक्ष राजी होते, जत्रा समिती जबाबदारी घेत होती, जनावरांना पुरती विश्रांती देऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती तपासली होती. पंच नेमले. लेक-घोडी खरोखरच माझ्या जीपला बांधली, देवळाशी, पंचांसमोर; हलगी आज फक्त निशाणाशी होती. गाव जत्रेपेक्षा जास्त जमलं.

आणि शर्यतीच्या आधी मी एक गोष्ट केली, जिच्यावरून बाई माझ्यावर अजून चिडून असेल. मी मालकांना सगळ्यांदेखत सांगितलं, "मालक, तुमचा घोडा पाखरीपेक्षा ताकदीचा आहे. निशाणापर्यंत त्याला आवरा, मागं राहिला तरी चालेल. मग सोडा. माझ्या हिशेबानं तुम्हीच जिंकाल."

बाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "साहेब, तुमी कुनाकडून हायसा?"

"कुणाकडूनच नाही. जे खरं ते सांगितलं."

"खरं सांगायला आजचाच मुहूर्त घावला व्हय?"

तिचं चुकत नव्हतं. सुलतान जिंकला असता तर बाई कायमची चोर ठरली असती. पण दोघांना सारखी माहिती न देता शर्यत लावली असती, तर पाखरी जिंकली तरी 'साहेबानं काहीतरी केलं' हे शिल्लक राहिलंच असतं. हे सगळं मी आता ऐटीत लिहितोय. त्या वेळी सदऱ्याच्या आत घामाच्या धारा होत्या आणि माझे आजवरचे सगळे चुकलेले रविवार डोळ्यांसमोर नाचत होते.

मालकांनी पुतण्याला, म्हणजे सुलतानच्या स्वाराला, जवळ घेऊन बजावलं, "आवरायचा. मी सांगतो तवर न्हाय सोडायचा." हलगी बंद ठेवावी अशीही त्यांची इच्छा होती. पण समितीतले म्हातारे ऐकेनात. देवाची शर्यत आणि वळणाला हलगी नाही? गावच्या दुसऱ्या एका घरचा घोडाही आज पळणार होता. त्याचा मान का बुडवायचा?

मी आणि मालक निशाणाजवळ समितीच्या जीपमध्ये उभे राहिलो. घोडे सुटले. दुसऱ्या घरचा घोडा पुढं, सुलतान मागं, आवरलेला, तोंड वर करून लगामाशी भांडत. पाखरी त्याच्याच बाजूला, रोज मेंढ्यांच्या कडेनं जावं तशी. मी घड्याळाकडं पाहिलं. मालक शहाण्यासारखे वागत होते. गणित त्यांच्या बाजूनं वळत होतं.

तेवढ्यात हलगीवाल्यांनी हात उचलले. ताल धरला. पुढचा घोडा निशाणाकडं यायला लागला, आणि त्याचे मालक गर्दीतून आमच्याकडं बघून नुसते हसले. एवढंच.

माझ्या शेजारी जीप हलली. मालक बॉनेटवर चढले होते. "सोड!" ते ओरडले. "आरं सोड त्याला! मान चाल्लाय! सोड!"

"मालक, अहो, हिशेब..."

"हिशेब घाला चुलीत! सोड रं!"

पुतण्यानं सोडला. काय घोडा होता तो, खरंच सांगतो! बाण सुटावा तसा आला, दुसऱ्याला गाठलं, दोघे अंगाला अंग घासत निशाणाशी भिडले, आणि मानेइतका पुढं राहून सुलतान वळला. हलगी कडाडली. गुलालानं माझी खाकी वर्दी लाल झाली. मालकांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या धुरळ्यातून पाखरी कधी वळून गेली, कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मी पाहिलं. खांब आणि घड्याळ, दुसरीकडं माझं लक्षच नव्हतं. मी हवालदारांना आधीच सांगून ठेवलं होतं, सुलताननं दम असा उधळला तर पाखरी त्याला पाणंदीवरच्या लिंबाजवळ गाठेल. जीप उसाच्या कडेनं घेतली. तिनं लिंबाच्या बऱ्याच आधी गाठलं. माझा अंदाज चुकला तो या बाजूनं. देवळाशी ती आली तेव्हा मागं बघायलाही कुणी नव्हतं, आणि तिची झेरॉक्स माझ्या जीपला बांधलेली, मागच्या सीटचं रेक्झिन शांतपणे चावत होती.

मालक उशिरा आले. गुलाल तसाच. त्यांनी पाखरीकडं पाहिलं, जीपला बांधलेल्या तिच्या लेकीकडं पाहिलं. मग त्यांनी अर्ज मागं घेतो म्हणून सांगितलं. आम्ही त्यांचा जबाब घेतला, पंचांच्या सह्या झाल्या, स्टेशन डायरीला नोंद झाली. माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं.

बाईच्या दृष्टीनं नव्हतं. "अर्ज कागदाचा हुता, तो मागं आला," ती म्हणाली. "चोर म्हनला ते समद्या पट्ट्यात गेलं. ते कसं मागं आनायचं, मालक?"

मी डायरी मिटून मालकांकडं पाहिलं. त्यांनी मिशीवरचा गुलाल पुसला. मग म्हणाले, "सडंकंच्या कडंचं रान मोकळं हाय माजं. मेंढ्या बसीव."

गर्दीतल्या माना त्यांच्याकडं वळल्या. ज्यांना या भागाची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सडकेकडंचं रान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेतलं. तिथं ज्या धनगराच्या मेंढ्या बसतात, त्याच्यावर मालकाचा भरवसा आहे हे परंड्यापासून येरमाळ्यापर्यंत सांगावं लागत नाही. जाहीर माफी याहून मोठी असती असं मला वाटत नाही.

बाईनं लगेच हो म्हटलं नाही. "रान बगून सांगते," म्हणाली. "धसकटं लई असली तर न्हाय जमायचं." आणि मालक, ज्यांच्यापुढं गावात कुणी मान वर करत नसे, ते तिला रान दाखवायला पुढं चालू लागले.

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. कुणी अचानक पुढं गेलेला दिसला की आपण त्याच्या खिशात हात घालतो. तपास करणाऱ्यानं आधी हे पाहावं, की बाकीचे मागं कशामुळं पडले. नंतरच्या नोकरीत कितीतरी अर्जांत मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला आणि दरवेळी काहीतरी हाती लागलं. माणसाला कुठं कुठली हलगी ऐकू येते, हे एकदा कळलं की त्याचा निम्मा तपास झालेला असतो.

मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा निरोपसमारंभात माझ्या गाजलेल्या गुन्ह्यांची यादी वाचून दाखवली गेली. त्यात हे प्रकरण नव्हतं. असणार कसं? गुन्हा दाखल झाला नाही, म्हणून त्याला नंबरही नाही. बंदोबस्ताच्या फळ्यावरच्या रेघा ठाणे अंमलदारानं दुसऱ्या शर्यतीच्याच संध्याकाळी पुसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गस्तीचं निमित्त काढून त्या सडकेवर गेलो होतो. मालकांच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या, कडेला मायलेकी चरत होत्या, आणि कुर्डुवाडीच्या एसटीतली माणसं खिडकीतून ते बघत चालली होती. मी जीप थांबवली आणि उगाचच खाली उतरून उभा राहिलो. हिशेब बरोबर आला होता, तर मलाही कुणीतरी बघावं, असं वाटत होतं.